खळ दिलेलं घोंगडं

केराबाई : पण जखम मिटली की, डॉक्टरीणबाई. भोक बी दिसत न्हाय आता.

डॉ. निवेदिता : तेच तर वाईट झालं, मावशी. पू बाहेर पडायची वाट होती ती. कशानं मिटली?

केराबाई : बिरोबाचा भंडारा दाबून बसवला, रोज. पू थांबला, मग गोळ्या बी थांबवल्या. पोरगं जेवत न्हवतं त्या गोळ्यांनी.

डॉ. निवेदिता : अहो, विचारायचं तरी! हा फोटो बघा. मागच्या खेपेला तुमच्या बिरप्पाच्या पायातून पू काढला होता ना, त्यातले जंतू. खूप मोठे करून दाखवलेत.

केराबाई : ह्ये धागं कसलं?

डॉ. निवेदिता : प्रोटीनचे. जंतूच सोडतात. एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेत घट्ट बसते, त्यावर तिसरा येऊन बसतो. असा धागा वाढत जातो, धाग्यात धागा गुंततो. पायात घातलेल्या सळीवर त्यांनी हे पांघरूण विणलंय.

केराबाई : आन् खळ?

डॉ. निवेदिता : खळ म्हणजे?

केराबाई : घोंगडं विणून झालं की चिंचोक्याची खळ देतो आमी. मग पाऊस आत जात न्हाय.

डॉ. निवेदिता : हो... तसाच चिकट लेप असतो. औषध वरच राहतं. आतले जगतात.

केराबाई : मग सळी काढा की भाईर!

डॉ. निवेदिता : काढावीच लागेल, आजच भरती करू. पण हाड अजून जुळलेलं नाही. आणि जंतू रक्तात उतरले असले तर नुसत्या पायाचा प्रश्न राहत नाही. मला भीती वाटतेय, मावशी.

केराबाई : असं नका बोलू, बाई. चिंचोळीच्या वळणावर ट्रकनं उडवलं, तवा बी ‘आये, पाय ऱ्हाईल न्हवं’ येवढंच म्हनत हुता.

डॉ. निवेदिता : आहे कुठं तो?

केराबाई : भाईर बाकड्यावर. हुडहुडी भरली म्हनून घोंगडं पांघरलंय. पर आज बरा हाय. काल निस्ता कण्हत हुता, आज कण्हत न्हाय. बोलतोय बी.

डॉ. निवेदिता : काय बोलतोय?

केराबाई : मेंढरं वड्याला उतरली का, कुत्रं बांधलं का. सारखं त्येच.

डॉ. निवेदिता : मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडून आलात?

केराबाई : मेंढरं? ती तर पाय मोडला तवाच इकली की.