डाव्या हाताची शेवंता

नंदुरबार स्टेशनात, बायकांच्या खोलीत, दोन मास्तरणी जुन्या ट्रेनिंग कॉलेजच्या बास्केटबॉलवरून भांडत होत्या. कोपऱ्यात सासूशेजारी प्रमिला बसली होती, पदर नाकापर्यंत ओढून. लग्नात बदलण्याआधी तिचं नाव शेवंता होतं.

“कोकिळाना तोडनी पोर आपला कॉलेजमा झायीच नही.”

“आनि शेवंताले इसरनी का वं? डावखोरी, पन चेंडू टाके का थेट टोपलीमा!”

“चेंडू तिले कोन दे? कोकिळाच ना!”

“ते खरं. दोन्ही संगे खेळन्यात तवय पुन्यान्या पोरी रडन्यात.”

“कोठे शे आते शेवंता?”

“काय माहीत! नाव बी ऐकू येत नही. मरी गयी व्हई.”

प्रमिलाचा डावा हात मांडीखाली होता. सासरी त्या हाताने वाढायला मनाई होती. आता सवयीने तो असाच दडून बसायचा.

“बहिन, तुम्ही कोन गावन्या? नाव काय?”

“आम्ही कोरीटना,” सासूच म्हणाली. “हाई मन्ही वहू, प्रमिला. नाव आम्हीच ठेवं.”

“पहिलं काय व्हतं?”

“आते कोनले याद शे!”

“तुम्हले,” प्रमिला त्या दोघींना म्हणाली आणि तिने मांडीखालचा हात बाहेर काढला.