बाभळीचा ओंडका

पारनेरला जनावरांच्या दवाखान्यात मी मांजराच्या लशीसाठी थांबले होते. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिशीतला एक माणूस बसले होते. आत त्याच्या कुत्र्याला टाके घालत होते; चावला होता म्हातारीचा कुत्रा.

"लई येळ लागला रं, महेंद्र."

"मान फाटलीय, मावशी. लागनारच."

"माझ्या वाघ्यानं असं कधी केलं न्हाई. दोघं रोज खेळायचे."

"व्हय. खेळून खेळून तुमच्या वावरातली मेथी झोपवली."

"म्हनून तर म्हनले, तुझा दांडगा हाय. त्याच्या गळ्यात लोढनं बांध, म्हंजे हळू पळंल."

"बांधला की बाभळीचा ओंडका."

"मग भांडले कशाला?"

"खेळ जास्त झाला की माझा उठून पळायचा. वाघ्या तिथंच थांबायचा. काल वाघ्या अंगावर आला, आन् याच्या पायात लाकूड अडकलं. पळता येईना, म्हनून घाबरून हाच पयला चावला. मग वाघ्यानं सोडलं न्हाई."

"मला काय ठावं, बाबा."

"मला तरी कुठं ठावं हुतं? गाठ मीच मारली."

डॉक्टरांनी महेंद्रला आत बोलावलं. तो लगेच बाहेर आला आणि पुन्हा तिच्याशेजारी बसला.

"काय म्हनले?"

"गेला."



"सांजच्याला वाघ्या तुझ्या दारात येईल रं. त्याला खेळायला बोलवायला."

"दोन दिवस बांधून ठेवा, मावशी."