यशवंतकाकांचा रूळ आणि 'फेड अवे'

जय भीम. काकू, आणि आज विहारात आलेले तुम्ही सगळे. काकांच्या शोकसभेत बोलाले उभं राहणं मले लय जड जाऊन राहिलं. यशवंतकाकांसमोर मी कधी गप्प बसली नाही.

स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर काका दर रविवारी आमाले इथंच इंग्रजी शिकवत. घंटा म्हणून हा रेल्वेच्या रुळाचा तुकडा त्यांनीच टांगला. एका रविवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'फेड अवे'. मी पटकन म्हटलं, "नाहीसं होणं."

"बटन दाबलं, लाइट गेला. त्याले फेड अवे म्हणशील का तू?" काका म्हणाले. "कपड्याचा रंग उडत जाते, आवाज विरत जाते, तिथं हा शब्द वापराचा. थांब, दाखवतो." त्यांनी रुळावर हातोडी मारली. "डोळे मिटा. आवाज संपला की हात वर करा."

कोणी लवकर हात वर केला, कोणी उशिरा. मग आवाज नक्की संपला कधी? कोणाचं खरं? आमाले मोठी गंमत वाटे. दर रविवारी आम्ही तेच कराले लावू, अन् दर रविवारी काकांचा हात सगळ्यात शेवटी वर.

प्लांटच्या रोलिंग मिलमधल्या आवाजानं काकांचे कान गेले होते. एकदा मी भर वर्गात बोलली, "काका, तुमाले हाक ऐकू येत नाही, अन् हे ऐकू येते? खोटं कशाले बोलता?"

काका रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा हातोडी मारली. पोरांचे सगळे हात वर होईस्तोवर थांबले. मग माझा हात धरून रुळावर ठेवला. रूळ थरथरत होता. अगदी बारीक, पण थरथरत होता.

"सांग आता," ते म्हणाले, "संपला का?"

मी माफी मागितली नाही. आता नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये मी हाच शब्द शिकवते. पोरं विचारतात, "मॅडम, पूरा खतम कब होता है?" मले सांगता येत नाही. येत्या रविवारी काकांनाच विचारणार होती.

काका, सगळ्यांसमोर बोलली होती, सगळ्यांसमोरच माफी मागते. चुकली मी.

आता उभे राहा. मी रुळावर एकच हातोडी मारते. डोळे मिटा, अन् उघडाची घाई करू नका.

काकू, तुम्ही पुढं या. इथं हात ठेवा.