सगळ्यात वर श्री

गंगापूर रोडवरचा दाताचा दवाखाना. शेजारच्या बाकावर काका-पुतणी एकाच फोनवर वाकलेले.

"काका, आपली वेबसाइट गुगलवर आली. मी क्लासला शिकून स्वतः केलेली."

"दाखव, दाखव."

"यजमान शोधतील तसंच शोधू. रामकुंड, श्राद्ध, गुरुजी. हं, खाली या अजून."

"हे काय गं? '॥ श्री ॥'. खाली परत '॥ श्री ॥'."

"ती आपलीच पानं. तुम्हीच म्हणालात, सगळ्यात वर श्री पाहिजे. मी टायटलमध्येच टाकला. गुगलला वाटतं, पानाचं नावच ते."

"बरोबरच आहे की."

"अहो, पण इथं श्राद्ध होतं हे यजमानाला कळणार कसं? टायटलमध्ये तुमचं नाव आणि काम हवं."

"श्रीशिवाय आपल्याकडे लग्नपत्रिकासुद्धा छापत नाहीत, स्वानंदी."

"मी काढत नाहीये. पानावर सगळ्यात वर त्याचं चित्र लावते. उघडल्यावर पहिला तोच दिसेल."

"आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्यानं काय करायचं?"

"काका, कालच शिकले मी ते. चित्रामागे शब्द लिहून ठेवता येतो. अंध माणसाचा फोन तो वाचून दाखवतो. थांबा, इथंच करते."

"खरंच बोलेल?"

"झालं. आता आवाज चालू करते. तुम्ही फक्त चित्रावर बोट ठेवा."

"पुढचा नंबर. ढुंढिराज गायधनी कोण? डॉक्टर बोलावतायत, चला आत."

"बाई, जरा थांबा. आधी श्री होऊ द्या."