वेशीवरचा फलक

उतर म्हणतो ना खाली! फलक काढायला कचेरीतून पाठवलं म्हणून काय झालं? शिडी माझ्याच पर्सिमनच्या झाडाला टेकवलीस आणि वर मलाच विचारतोस, परवानगी कुठाय? परवानगी! समोर बघ – त्या कू म्हाताऱ्याचा फलक, ‘नातू सरकारी परीक्षा उत्तीर्ण’ – महिनाभर लोंबतोय तो, त्याला होती परवानगी? होती? बरं, असेल. कूकडं सगळ्याचीच परवानगी असते. पण माझा कापण्याआधी वाच तरी. नाही वाचत? मीच वाचतो, तेवढं येतं मला – ‘यॉम घराण्याचे सुपुत्र, संगणक संशोधक सोंगजे यांच्या लेखाचा जगभरात दोन हजार तीनशे अठरा वेळा उल्लेख! गावातर्फे अभिनंदन!’ गावातर्फे म्हणजे माझ्यातर्फे. मी गावातलाच ना?

उल्लेख म्हणजे काय ते मलाही सोंगजेच्या आईला तीनदा विचारावं लागलं. ही शिकलेली माणसं लेख लिहितात आणि शेवटी दुसऱ्यांच्या लेखांची नावं घालतात – लग्नातल्या पाकिटासारखं. तू माझ्याकडं घाल, मी तुझ्याकडं घालतो. इथं जेवण तेवढं मिळत नाही. पण आमच्या पोराला ज्यांनी कधी पाहिलंसुद्धा नाही, तेही घालून गेलेत रे – ब्राझीलचे, फिनलंडचे! कूच्या नातवाला पलीकडच्या गावात तरी कोण ओळखतं?

कशावर लिहिलाय? पाटाच्या पाण्यावर समज. संगणकांच्या तारांतून जे वाहतं ते पाण्यासारखंच – सगळ्यांनी एकदम दारं उघडली की तुंबतं. मग आधी कुणाला सोडायचं, कुणाला थांबवायचं, त्या पाळ्या यानं बसवल्या. दहा वर्षं लागली. डोक्यावरचे केस गेले, लग्न राहिलं, पण बसवल्या. जगानं डोक्यावर घेतलं. आणि मग – तू कर तुझं काम, मी आपला बोलतोय – मग यानंच एक दिवस सगळं परत तपासलं. कुणी सांगितलं होतं? कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं! तर म्हणे, गर्दी वाढली की सगळ्यात शेवटच्याला काही पोचतच नाही. ताटकळतच राहतो. ‘बाबा, तो शेवटचा आम्ही हिशेबात धरलाच नव्हता,’ म्हणाला. अरे, मग गप्प बस ना! नाही. स्वतःहून कळवलं – माझं चुकलं, लेख मागे घेतो. घेतला. विद्यापीठात कायम करणार होते, ते राहिलं.

हो, तोच लेख. फलकावरचा. दात काय काढतोस? मागे घेतला तरी लोक नाव घालतातच! रोज सकाळी फोनवर बघतो मी – काल दोन हजार तीनशे चाळीस झाले. न वाचताच घालतात म्हणे, याचं बघून तो. जगातली शहाणी माणसं ही! आणि चूक कबूल केली तो दोन पानांचा लेख, त्याला किती? चार. चार लिहू फलकावर? कू हसून हसून मरेल – तसा मेला तर लिहीन म्हणा.

राग येतो मला. असा कसा निघाला हा, असं म्हटलं की त्याची आई सणाचे तांदळाचे सोंगप्यॉन वळता वळता म्हणते, गेला असेल कुणावर तरी. माझ्यावर? माझ्यावर नाही गेला. आमचं भाताचं वावर पाटाच्या पार टोकाला, वर कूचं – तो आपल्या पाण्याचं दार बंद करायचा नाही, आणि मी फावडं घेऊन बांधावर बोंबलत उभा. हा एवढासा, माझी विजार धरून. जमिनीला भेगा पडलेल्या, त्यांत बोट घालून बघायचा किती खोल गेल्या ते. नुसता बघायचा. त्याला शेवटचा माणूस कसा – कसा दिसणार नाही...

तीन वर्षांनी येतोय सणाला. आज, दुपारच्या बसनं. फोनवर एवढंच म्हणाला, ‘बाबा, फलक तेवढा लावू नका.’ मी म्हटलं, छे, मी कशाला –

अरे, निघालास कुठं? शिडी का दुमडतोस? राहू दे म्हणतोस? सणापुरता? गाढवा, इतका वेळ ऐकलंस काय तू? ते वळणावर बघ – बस आहे ती! लाव शिडी परत, माझा हात नाही पोचत. ती वरची गाठ – अरे सोडत काय बसलास, काप! काप ना लवकर! दे इकडं. घडी नको घालूस, दे तसंच. कूचा राहू दे लोंबत.

थांबली बस. जा आता तू. जा म्हणतो ना.