खोपीतली बाई

पोन्त्रेमोली गावच्या दवाखान्यात ओम्ब्रेत्ता तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. दर दोन मिनिटांनी ती पोरीच्या कपाळाला हात लावून बघत होती. समोर हातांना फडकी गुंडाळलेली देल्फिना म्हातारी आणि तिचा भाचा फुल्व्यो.

"आत्या, हळू. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! माझ्या चेस्टनट वाळवायच्या खोपीतून, मला न विचारता दगड उपटलास?"

"कोरलेला केल्टिक योद्धा आहे तो. जत्रेसाठी चौकात उभा केलाय, खाली पाटी लिहायची तेवढी राहिलीय."

"योद्धा? छाती आहे तिला, आंधळ्या! गळ्यात हार आहे!"

"केल्ट म्हटलं की पाहुणे येतात. इथले मूळचे लिगुरियन म्हटलं की विचारतात, हे कोण बुवा?"

"रोमनांनी याच डोंगरांतून चाळीस हजार माणसं हुसकून दक्षिणेला नेली, ती कोण होती? तुझी शिंगांचे टोप घालणारी केल्ट?"

"तीही केल्टच होती, असं काही विद्वान म्हणतात."

"आणि काही म्हणतात, नव्हती. भांडू देत त्यांना! संग्रहालयातली मुलगी म्हणाली, आपली दगडातली बाई त्या सगळ्यांच्याही आधीची."

"मग एवढं कशाला तापायचं?"

"योद्धा दिसावा म्हणून तोंडाला निळा रंग फासलास तिच्या! खोपीत पहिला जाळ घालण्याआधी माझी आई त्या तोंडावरून हात फिरवायची. तिची आईसुद्धा."

"अगं, रंगच तो. घासला की निघतो."

"घासला. काल दिवसभर, तारेच्या ब्रशने. हातांची सालटी निघाली."

"मग? निघाला ना?"

ओम्ब्रेत्ताचा हात पोरीच्या कपाळावरच थांबला.

"निघाला. रंगाबरोबर तिचे डोळेही गेले. आता लिही तुझ्या पाटीवर काय हवं ते."