कार्ड माझ्या कंबरेला हुतं

माझं माहेर नरसिंहपूरच्या अलीकडं, नदीकाठचं, आन् सासर ह्ये कन्हेरी. नाव सुमन, पर हितं एमआयडीसीत ते कुनाला ठावं न्हाय, समदी मावशीच म्हनत्यात, माझ्यापेक्षा वयानं थोरली मानसं बी मावशी म्हनत्यात, मी म्हनती म्हना बाबांनो, तुमाला भाकरी काय कमी मिळायची न्हाय. सासरी वांगी-टोमॅटोचं रान, पान्याखालचं, दोघं मिळून करायचो. अडीच वर्सामागं मालक, म्हंजी आमचं मानूस हो, नाव कसं घ्यायचं, उसाच्या ट्रॉलीवरनं खाली आलं आन् खुबा गेला. तवापासून दोन वर्सं खाटंवरच. मंग रान वाट्यानं दिलं आन् मी कंपनीच्या गेटासमूर पत्र्याच्या शेडात खानावळ टाकली. भाकरी थापायला येती, दुसरं काय येतंय मला?

आता खानावळ म्हंजी काय सांगू ताई तुमाला, दुपारच्या टायमाला माझं दोनी हात पिठात. त्यात गॅसवाला येतो, किराना येतो, भाजी येती, समद्यांना पैशे फोनवरनं पायजेत. पिठाचं बोट लावलं की फोन ऐकतच न्हाय. मंग जो जेवायला बसलाय त्याला हाक मारायची, आरं ए, उचल तो फोन, दे गॅसवाल्याला. आन् पिन? पिन मी शेगडीच्या मागच्या भिंतीवर खडूनं लिवून ठेवला हुता. हसू नका. रोज चार आकडं वरडून कोन सांगनार, घसा बसायचा माझा. फोन उघडायचा पिन बी तोच आन् पैशे द्यायचा पिन बी तोच.

सून माझी, वैशाली, बारामतीत दुकानात बिलं करती. तिनं भिंत बघितली आन् कपाळाला हातच लावला. म्हनली आत्या, कुलपाची किल्ली कुलपालाच टांगलीय की तुमी. भांडली माझ्यासंगट. आन् मला न इचारता बँकेच्या ॲपमधी करून ठेवलं, का थोडेथिडके पैशे असतील तर पिनवर जातील, पर मोठी रक्कम असंल तर बँकेचं कार्ड फोनच्या पाठीला टेकवायचं, तवाच फोन व्हय म्हननार. आता कार्ड बटव्यात, बटवा कंबरेला, लुगड्याच्या आत. मोठं बिल आलं की हात धुवा, बटवा काढा, कार्ड टेकवा, तवर भाकरी करपली. लई शिव्या घातल्या मी तिला. काढून टाक म्हनलं ही कटकट. ती म्हनायची, तुमी भिंत पुसा, मंग मी काढती. मी काय भिंत पुसली न्हाय आन् तिनं काय काढलं न्हाय.

तर मालकांच्या खुब्याचं आपरेशन ठरलं गुरवारी. दोन वर्सं पै-पै करून ठेवलेलं समदं त्याच खात्यात. आन् मंगळवारी दुपारी, गर्दीच्या टायमाला, फोन गायब. डब्यावर ठेवला हुता, न्हाईच. फोन गेला म्हंजी पिन बी गेला, पिन गेला म्हंजी मालकांचा पाय गेला, हे एवढंच डोक्यात. आन् माझं तोंड कसलं, तुमाला म्हाईत न्हाय अजून. समूर दत्तू बसला हुता, दोन लेकरांचा बाप, पयल्या दिसापासून माझ्याकडं जेवतोय, पिन त्यालाच जास्त ठावा, रोज त्योच फोन उचलायचा. मी चारचौघांत म्हनलं, दत्तू, फोन दे मुकाट्यानं. त्याचा घास हातातच राह्यला. हात धुतला, गाडीची किल्ली घेतली आन् म्हनला, बसा मावशी, आधी बँकेत चला.

ज्याच्यावर आळ घेतला त्याच्याच गाडीवर मी मागं बसली, ताई. बँकेत साहेबानं कंप्युटरात बघितलं आन् म्हनला, मावशी, आत्ताच इंदापूरच्या एका मोबाईलच्या दुकानात तीनदा मोठी रक्कम द्यायचा परयत्न झालाय. म्हनलं किती गेलं? म्हनला, एक रुपाया बी न्हाय. फोन पाठीला कार्ड टेकवा म्हनत हुता आन् चोराकडं कार्ड न्हाय. मी कंबर चाचपली. बटवा हुता. कार्ड हुतं. मी तितंच खाली बसली आन् मोठ्यानं रडली. आन् दत्तू? दत्तू तर तवा माझ्या शेजारीच हुबा, इंदापुरात कसा असंल त्यो?

मी म्हनलं साहेब, मंग माझं कार्ड बंद करावं लागंल का, परवा दवाखान्यात भरायचंय. त्यो म्हनला न्हाय, फोनात तुमच्या कार्डाचा खरा नंबर नसतोच, त्याच्या बदली दुसरा नंबर असतो, त्याला टोकन म्हनत्यात, ते टोकन तेवढं मी मारून टाकतो, कार्ड तुमचं चालू. मला लगीच कळलं. माझ्या खानावळीचं कूपन हाय तसंच की, कूपन हरवलं तर मी कूपन रद्द करती, जेवनाऱ्याला थोडीच हाकलती?

भाईर आल्यावर दत्तूम्होरं हात जोडलं. म्हनलं बाबा, माझी जीभ झडू दे. त्यो म्हनला, नको मावशी, जीभ झडली तर आमाला जेवायला हाका कोन मारंल? लई मोठ्या मनाचा मानूस. मी त्याला त्या दिवशी पुरनपोळी घातली, आन् त्याच पंगतीत समद्यांसमूर सांगितलं का चूक माझी हाय. मंग भिंतीला चुना मारला. सुनंला बी म्हनलं, तू शानी, मी येडी. तिनं हसून नव्या फोनात पुन्हा तसंच करून दिलं.

गुरवारी दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड मी सोता टेकवलं. टुक केलं मशीननं. मला तर आरतीची घंटा वाजल्यावानी वाटलं.

आपरेशन झाल्याला आता चार म्हैनं झालं. मागल्या म्हैन्यात एका दुपारी मी भाकरी थापतीय, मान खाली, आन् समूरनं कोनतरी म्हनलं, हितं जेवाया मिळंल का? वर बघितलं तर मालक. हातात काठी, रस्त्यावरनं चालत आलेलं, घामानं भिजलेलं, आन् बाकड्यावर दत्तूशेजारी जाऊन बसलं. दोन वर्सं मी खाटंवर ताट नेऊन देत हुती. माझ्या डोळ्याला धार, तव्यावर भाकरी करपली, आन् गडी समदं हसाया लागलं.

आता रोज येत्यात, आन् रोज म्हनत्यात आमटीत मीठ कमी हाय. म्हना म्हनलं. रोज चालत या आन् रोज म्हना.